गुंडप्पाची कोरी जबानी

८ इस्फंदार १३३८ फसली, शनिवार

काल येळवस, मार्गशीर्ष अवसेचा शेतातला सण. अवस आणि कचेरीची शुक्रवारची सुट्टी एकाच दिवशी आली. सासऱ्यांच्या शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा, मग भज्जी, खिचडा, आंबील. आंबील जरा जास्तच झाली. संध्याकाळी पेंढीचा टेंभा पेटवून शेताभोवती फिरवायचा मान यंदा मला दिला. धोतराचा काठ जाळून घेतला. सौ. अजून हसते आहे.

आज कचेरीत पाऊल टाकताच बातमी. चार कोसांवरच्या एका गावात रात्री पाटलाची कडब्याची गंजी जळाली. आडोशाला निजलेला राखण्या त्यात गेला. काल या सगळ्या शिवारात घरटी एक टेंभा फिरला असेल, ठिणगी कुणाची ते देव जाणे. पण पाटलाने नाव सांगितलं आहे. साबण्णा धनगर. त्याची मेंढरं पाटलाने मागे कोंडवाड्यात घातली होती आणि त्यावरून तोंडातोंडी झाली होती. दुपारी पोलिसांच्या अमीनाने त्याला दोरी लावून आणला. पायात जोडा नव्हता.

१२ इस्फंदार, बुधवार

आज तारीफ झाली. लिहून ठेवतो, कारण वारंवार होत नाही.

मुन्सफसाहेबांना मराठी येत नाही, कानडी तर नाहीच. साक्षीदार बोलतो, मी, इथला अहलकार म्हणजे कारकून, ऐकतो, उर्दूत जबानी लिहितो, साहेब सही करतात. कायदा म्हणतो, लिहिलेलं वाचून दाखवा आणि मग अंगठा घ्या. आमच्याकडे चालतं ते उलटं. कोऱ्या कागदाच्या तळाशी 'पढून ऐकवलं, कबूल केलं' एवढं आधी लिहायचं, त्याखाली अंगठा घ्यायचा, माणसाला मोकळं करायचं. वरची जागा दुपारी सावकाश भरायची. साहेबांपुढे कागद मांडणारे पेशकार महबूबसाब, त्यांनी मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. वाईट हेतू नाही. लांबून आलेली माणसं नाहीतर दिवे लागेपर्यंत ताटकळतात, आणि वाचून दाखवलं तरी उर्दू कोणाला कळते?

सही करताना साहेब दर वेळी विचारतात, "पढके सुनाए?" मी म्हणतो, "सुनाए, साब."

तर महबूबसाब आज सगळ्यांसमोर म्हणाले, चार जणांच्या जबान्या डोक्यात ठेवून एका बैठकीत उतरवणारा हा एकटा बहाद्दर. मी चिठ्ठ्यांवर टिपणं घेतो, पण नावापुरती. दिवसभर मान ताठ होती.

२० इस्फंदार, गुरुवार

आज साबण्णाच्या बाजूचे साक्षीदार. साहेबांना ठरवायचं एवढंच, की त्याला वरच्या अदालतीकडे सुपूर्द करायचं की सोडायचं. पाटलाची माणसं परवा होऊन गेली. सगळ्यांनी एकच पाठ म्हटला.

याच्या बाजूला कोण येणार? दोन भाऊबंद आले, तेही भेदरलेले. आणि खटकचिंचोळीकडचा एक म्हातारा शेतकरी, गुंडप्पा. त्याला साबण्णाची बायको यल्लूबाई बैलगाडीत आडवा घालून घेऊन आली. छातीत कफ, बोलताना जीव जातो. म्हाताऱ्याचं साबण्णाशी नातं नाही, गोतं नाही. धनगर मेंढरं घेऊन फिरतात आणि रात्री कुणाच्या तरी शेतात बसवतात. शेताला खत मिळतं, त्यांना धान्य. यंदा ती या म्हाताऱ्याच्या शेतात बसली होती, एवढाच संबंध.

उद्या जुम्मा, साहेब उठायच्या घाईत. म्हातारा शेवटी आला. खोकत बोलला. मेंढरं, आंबील, येळवस. साहेबांनी विचारलं, क्या बोल रहा? मी म्हटलं, मेंढरांचं सांगतोय, लिहून घेतो. अंगठा घेतला. चिठ्ठीसुद्धा केली नाही. दोनच ओळी, लक्षात राहतील. बाकीचे दोघे लिहून टाकले, हा शनिवारी.

अंगात कणकण आहे.

१ फरवर्दी, सोमवार

दहा दिवस ताप. हिवताप म्हणे. सौ.ने काढा पाजून पाजून तोंड कडू केलंय. काय बडबडलो ते सांगत नाही. आज उठून बसलो. अक्षर वाकडं येतंय.

२ फरवर्दी, मंगळवार

कचेरीत गेलो. साबण्णाच्या खटल्याच्या कागदांची मिसल काढली. गुंडप्पाचा कागद कोरा. खाली माझ्या हातचं 'पढून ऐकवलं, कबूल केलं', त्याखाली म्हाताऱ्याचा अंगठा. वर काही नाही.

लिहायला घेतलं आणि थांबलो. मेंढरं त्याच्या शेतात होती, हे आठवतं. पण कोणत्या रात्री? येळवसीच्या रात्री म्हणाला की येळवसीच्या आदल्या रात्री? आग लागली येळवसीच्या रात्री. सगळा खटला त्या एका रात्रीवर उभा आहे, आणि तीच माझ्या डोक्यात नाही.

घरी येऊन ही वही उघडली. वाटलं, इथे तरी लिहिलं असेल. 'मेंढरं, आंबील, येळवस.' वाचून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

३ फरवर्दी, बुधवार

महबूबसाबांना सांगितलं. त्यांनीही आठवून पाहिलं. ते त्या वेळी दुसरी मिसल लावत होते, कान तिकडे नव्हता. म्हणाले, काहीतरी लिहून टाका, कोण तपासायला बसलंय? मी म्हटलं, म्हाताऱ्याला परत बोलावू. ते म्हणाले, काय सांगून बोलावणार? अंगठा तर आधीच घेतलाय.

खरं आहे. परत समन काढायचा तर साहेबांना कारण द्यावं लागेल. साहेबांनी शनिवारी मिसल मागितली आहे.

शुक्रवारी स्वतःच जातो. गुपचूप विचारून येतो. म्हातारा भला दिसला, सांगेल.

५ फरवर्दी, शुक्रवार

गेलो. पहाटे निघालो, उन्हं चढायच्या आत पोचलो. अशक्तपणाने दोनदा वाटेत बसलो.

घरासमोर माणसं. गुंडप्पा सोमवारी गेला. मी घरी काढा पीत होतो त्या दिवशी.

थोरल्या मुलाला बाजूला घेतलं. कचेरीचा माणूस म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. विचारलं, येळवसीच्या रात्री मेंढरं तुमच्याच शेतात होती का? तो म्हणाला, आम्ही सगळे सासुरवाडीच्या शेतात गेलो होतो, अप्पा एकटाच इथे होता. मी पुन्हा विचारलं, अप्पा घरी काही बोलले असतील? तेव्हा हात जोडून म्हणाला, "अप्पाचं अप्पासंगं गेलं, मालक. पाटील आमच्या शिवंला शीव हाय. आमाला कामून त्यात वडायलाव?"

त्याच्या बायकोने पाणी दिलं. प्यालो आणि परत आलो.

६ फरवर्दी, शनिवार

लिहिलं.

सकाळपासून कागद समोर. डोळे मिटले की म्हातारा दिसतो. पागोटं दिसतं, छातीवर धरलेला हात दिसतो, ओठ हलताना दिसतात. आवाज नाही. ज्या डोक्याची तारीफ झाली तेच हे डोकं.

'येळवसीच्या रात्री' लिहावं आणि म्हातारा म्हणाला असेल आदल्या रात्री, तर मेलेल्या माणसाच्या अंगठ्यावर एक खुनी सुटेल. 'आदल्या रात्री' लिहावं आणि तो म्हणाला असेल त्याच रात्री, तर निरपराध माणूस माझ्या बोरूने मेला. कुणाला विचारावं? खोलीत होतो आम्ही तिघे, एक शिपाई, आणि आरोपी. आरोपीला काय विचारणार.

दुपारी लिहिलं, 'येळवसीच्या सुमारास साबण्णाची मेंढरं माझ्या शेतात बसलेली होती.' सुमारास. लिहिल्यावर हलकं वाटलं. ना इकडे, ना तिकडे, कुणावर खोटं नाही. वाटलं, यापेक्षा प्रामाणिक माणूस आणखी काय करेल?

साहेबांनी विचारलं, पढके सुनाए? म्हातारा मातीआड आहे, हे त्यांना ठाऊक नाही. मी म्हटलं, सुनाए, साब. त्यांनी सही केली.

८ फरवर्दी, सोमवार

रमजान लागला. कचेरी सकाळची. साबण्णा सुपूर्द. मिसल वर गेली.

हुकूम मीच वाचून दाखवला, मराठीत. साबण्णा म्हणाला, गुंडप्पाअप्पा बोलला की समदं. मी म्हटलं, ते वरचे साहेब बघतील. त्याने मान हलवली. समाधान झाल्यासारखी.

२२ उर्दीबेहस्त

शिमगा झाला. कोण कुणावर काय उडवतं याच्याकडे लक्ष नाही. सौ. म्हणते, तापापासून तुम्ही जेवताना बोलत नाही. काय बोलू?

एक बदल केला आहे. आता जबानी आधी लिहितो, वाचून दाखवतो, मराठीत समजावतो, मग अंगठा. महबूबसाब कुरकुरतात. पक्षकारही कुरकुरतात, गाडी निघून जाते म्हणतात. काल एका बाईने अर्ध्यात थांबवलं आणि म्हणाली, तसं न्हाई, चुलत दीर न्हवं, सख्खा दीर. खोडून लिहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझी चूक काढली. म्हणजे तीन वर्षं मी चुकतच नव्हतो, असं नाही.

९ खुरदाद, सोमवार

पाडवा होऊन चार दिवस झाले. वरून फैसला आला. जन्मकैद.

नक्कल मीच नोंदवून घेतली, म्हणून वाचता आली. सबंध फैसल्यात गुंडप्पाला एवढीच जागा: बचावाचा एकमेव त्रयस्थ साक्षीदार मयत आहे. त्याच्या जबानीत रात्र निश्चित सांगितलेली नाही, केवळ 'सुमारास' असं म्हटलेलं आहे. संशयाचा फायदा द्यावा असं त्यात काही आढळत नाही.

माझा शब्द. वरच्या साहेबांनी तो जसाच्या तसा उचलला आहे. त्यांचं काही चुकलं नाही. कागदावर होतं त्यावरून कुणीही हाच निकाल दिला असता, मीसुद्धा.

१४ खुरदाद, शनिवार

यल्लूबाई आली. हैदराबादेला अपील करायचं आहे. कुणीतरी वकील फुकट बघतो म्हणालाय, त्याला गुंडप्पाच्या जबानीची नक्कल हवी. नक्कल करणं माझ्याच कामात.

केली. तिच्या हातात दिली. ती म्हणाली, अण्णा, वाचून दावा की, काय लिवलंय. पळून जाण्याची जागा नव्हती. वाचलं. मराठीत सांगितलं. दोन ओळी सांगायला किती वेळ लागतो?

ती म्हणाली, "अप्पा असं बोलला न्हाई."

तीच पुढे बोलली, रागाने नाही, समजावून सांगावं तसं. दाराशी उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं. "येळवसीच्या राती, बोलला. आमी दोघं कोपीपाशी बसून आंबील प्यायलो, बोलला. तितूनच आगीचा उजेड बघितला, साबण्णा माज्या बाजूलाच हुता, बोलला."

आणि मला आठवलं. सगळं. आवाजासकट. उजेड सांगताना म्हाताऱ्याने हात वर केला होता, खिडकीकडे. खोकला आल्यावर तो हात तसाच राहिला होता. 'साबण्णा माज्या बाजूलाच हुता.' हेच शब्द. इतके दिवस कुठे होते?

ती नकलेकडे बघून म्हणाली, तेवढं ऱ्हायलंय, तेवढं घाला की मग.

मी सांगितलं, आता काही घालता येत नाही. कागद बंद झालाय. तिला वाटलं उर्दूत एवढं मावत नसेल. नक्कल पदराला बांधून गेली.

१५ खुरदाद

कामावर गेलो. काय केलं आठवत नाही.

सौ.ला सांगितलं. ती भांडी विसळत होती. मग एवढंच विचारलं, त्याला मुलं आहेत का? दोन आहेत.

१६ खुरदाद, सोमवार

महबूबसाबांशी बोललो. त्यांना कळलं मी काय करणार. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. म्हणाले, तुम्ही एका कागदाबद्दल बोलाल, पण उद्या प्रत्येक कागद काढतील. तुम्हाला मी शिकवलं, मला दोघा जुन्या अहलकारांनी, सगळ्यांच्या भाकरीवर येईल. तुमच्या बोलण्याने तो सुटेलच असं तरी कुठे आहे?

भला माणूस आहे. तापात मला दोनदा भेटायला आला होता, मोसंबी घेऊन.

१७ खुरदाद, मंगळवार

साहेबांना सांगितलं. सकाळी, बाकीचे येण्याआधी. उभ्याने. उर्दू एरवी माझी बरी आहे, आज अडखळली.

साहेबांनी हातातला टाक खाली ठेवला. मला वाटलं, बाहेर काढतील. त्यांनी मिसलींच्या नोंदवहीतून तारीख पाहिली, बोटावर दिवस मोजले. म्हणजे मी सही केली तेव्हा तो मेलेला होता, असं म्हणाले. मी हो म्हटलं. मी तुम्हाला विचारलं होतं, म्हणाले. मी हो म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "और कितने?"

आणखी किती. हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. म्हटलं, माहीत नाही, साब. तीन वर्षांचे सगळेच कागद असे. चुकलेले किती, ते ज्यांचे आहेत तेच सांगतील, आणि त्यांना कुणी वाचून दाखवलेलं नाही.

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठमोरेच बोलले. लिहून द्या. मी माझ्या शेऱ्यासह वर पाठवतो, माझ्याबद्दलही त्यात लिहावं लागेल. पण एक समजून असा. वरचे म्हणतील, आरोपीच्या बायकोने अहलकार फोडला. तुमच्या हातचं 'पढून ऐकवलं, कबूल केलं' त्यांच्यासमोर असेल, खाली माझी सही असेल. तेव्हाचं खोटं आणि आताचं खरं, हे त्यांनी कशावरून मानावं?

पेन्शनीला त्यांना सात महिने राहिलेत. तेही ते बोलले नाहीत.

१८ खुरदाद, बुधवार

लिहून दिलं. चार पानं. दोनदा फाडून. पहिल्यांदा फार रडकं झालं, दुसऱ्यांदा फार हुशार. तिसऱ्यांदा नुसतं जे घडलं ते.

साहेबांनी स्वतः वाचलं, अक्षर अन् अक्षर. मग मला मोठ्याने वाचायला लावलं. मग सही घेतली.

संध्याकाळी निलंबनाचा हुकूम. महबूबसाबांनी तो माझ्या हातात दिला आणि डोळे वर केले नाहीत.

२९ खुरदाद

घरी. ऊन भाजतंय. लोक येऊन कारण विचारतात, प्रकृती म्हणून सांगतो. सासरे म्हणाले, शेताकडे या. गेलो नाही. कडब्याची रिकामी कोपी बघवत नाही.

जुन्या मिसलींची चौकशी सुरू झाली असं कळलं. एकही माणूस बोलावलेला नाही. नुसते कागद तपासतात. कागद सगळे चोख निघाले म्हणे.

७ तीर

वरून काही नाही. मुन्सफसाहेब रजेवर गेलेत, की पाठवलेत. नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, इथे इतका वेळ का लागतो? जुनी रीत परत सुरू झाली. महबूबसाबांचा धाकटा भाऊ माझ्या जागेवर बसतो.

१२ तीर, रविवार

यल्लूबाई घरी आली. कचेरीत मी दिसत नाही म्हणून विचारत विचारत. वकिलाने तिला काहीतरी अर्धवट सांगितलंय. ओसरीवर बसली. सौ.ने चहा दिला, तो तिने बाजूला ठेवला.

म्हणाली, अण्णा, तुमी अप्पाचं लिवायचं इसरलाव, असं वकील म्हनायलाय. खरं हाय का?

मी सगळं सांगितलं. कोरा कागद, ताप, त्याच्या गावाला गेलो ते, सुमारास. काही राखून ठेवलं नाही. मला वाटलं, शिव्या देईल. वाटलं, दिलेल्या बऱ्या.

सगळं झाल्यावर म्हणाली, "मंग मला कामून इचारलाव न्हाई? मी रोज तितंच झाडाखाली बसत हुते."

तयार उत्तर होतं. आरोपीच्या बायकोची साक्ष कुणी धरत नाही, म्हणून. कायद्याला धरून आहे. ते खोटं आहे. मला फक्त आठवण हवी होती, साक्ष नको होती, आणि आठवण तिच्याजवळ होती. खरं उत्तर हे, की कचेरीत होतो तितके दिवस तिच्यासमोरून जाऊनही ती माझ्या ध्यानात आली नाही. ते तिला तसंच सांगितलं.

ती उठून उभी राहिली. मग विचारलं, हैदराबादेहून काय आलंय का? म्हटलं, अजून नाही.

उद्या येते म्हणाली.